मोकळ्या हाताचा नियम

‘उपचार सर्व रुग्णांना उत्तम प्रकारे सोसला. तिसऱ्या पायरीवरही एकाही रुग्णाने थांबा-बटण दाबले नाही.’

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात, गुळगुळीत कागदावर, प्रमुखांच्या हसऱ्या छायाचित्राखाली ही दोन वाक्ये छापली होती. कोशकार बाईंनी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांना राग आला नाही. राग नंतर आला, आणि आला तो मुक्कामालाच आला. आधी जागा झाला तो व्यवसाय. उमेदीची सारी वर्षे शब्दकोशाच्या कचेरीत एकेका शब्दाचे अर्थ सुटे करण्यात घालवलेल्या माणसासमोर वाक्य ठेवले, की ते आधी सोलले जाते. चव मागाहून घेतली जाते.

तर पहिला शब्द ‘सर्व’. तळटीपेत बारीक अक्षरांत खुलासा होता, की सर्व म्हणजे ‘तिन्ही पायऱ्या पूर्ण केलेले’. जे मध्येच गळाले ते अर्थातच सर्वांत नव्हते. कच्च्या मुलांना परीक्षेला बसूच द्यायचे नाही आणि मग शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा, ही युक्ती कुठल्याही हेडमास्तरला ठाऊक असते. तिला विज्ञानाचा दर्जा मिळालेला बाई प्रथमच पाहत होत्या. पुढचा शब्द ‘सोसला’. हे क्रियापद दुतोंडी आहे. औषध रुग्णांना सोसले म्हणजे मानवले, अंगी लागले. रुग्णांनी सोसले म्हणजे दात आवळून भोगले. दोहोंतले अंतर एका प्रत्ययाचे: एकीकडे काना, दुसरीकडे वेलांटी. अहवाल लिहिणाऱ्याने काना निवडला होता. वेलांटी निवडली असती तर वाक्य व्याकरणदृष्ट्या तितकेच शुद्ध राहिले असते आणि शिवाय खरेही झाले असते.

राहिले ‘बटण दाबले नाही’. हे मात्र खरे होते, आणि बाईंना सर्वांत जास्त संताप पुढे याचाच आला. एकाही रुग्णाने काहीही दाबले नव्हते. दाबण्याचे काम दुसऱ्यांकडे होते.

त्या ‘सर्व’ रुग्णांत एक बाईंचा धाकटा भाऊ होता. अहवाल छापून येईपर्यंत तो गेला होता.

धाकटा मोठाल्या बॉयलरांचे आणि पुलांचे सांधे तपासणारा इंजिनिअर. कानाला ऐकू न येणारा आवाज तो लोखंडाच्या अंगात सोडी, परत येणारा पडसाद यंत्रावर पाही आणि आत कुठे चीर आहे ते सांगे. त्यामुळे त्याच्या मेंदूतल्या गाठीवर याच जातीच्या आवाजाचा प्रयोग करून पाहू, असे डॉक्टरांनी सुचवले तेव्हा सगळ्यांत आधी हसला तोच.

“बघ ताई,” तो म्हणाला होता, “जन्मभर मी लोखंडाला ऐकवलं, आता मला ऐकवणार. फरक एवढाच, की लोखंडाला कुणी विचारत नाही, बाबा रे, सोसतंय का?”

प्रयोगाची रीत अशी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर निसर्गाने कडक पहारा ठेवला आहे; तो विष आत जाऊ देत नाही, आणि नाठाळ पहारेकऱ्याप्रमाणे औषधही अडवतो. तेव्हा रुग्णाचे डोके तासायचे, कवटीला चौकट पक्की करायची, वर एक मोठे शिरस्त्राण बसवायचे आणि मध्ये गार पाणी खेळवायचे. एका हाताच्या शिरेतून रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडायचे. मग शिरस्त्राणातल्या शेकडो तोंडांमधून आवाजाच्या लाटा नेमक्या गाठीवर एकवटायच्या. तिथे बुडबुडे थरथरतात, पहारा थोडा वेळ ढिला पडतो आणि औषध आत शिरते. हे सगळे एमआरआयच्या चुंबकी बोगद्यात, रुग्ण जागा असताना. प्रयोगाचा प्रश्न असा, की आवाजाचा जोर कुठवर वाढवता येईल. दर फेरीला एक पायरी. रुग्णाच्या हातात एक बटण. नको झाले की दाबायचे, यंत्र त्याच क्षणी बंद. बटण दाबणाऱ्याची पायरी तिथेच संपते आणि त्याचे प्रयोगातले नावही.

गाठ भयंकर होती. शस्त्रक्रिया झाली होती, किरण झाले होते, आणि ती पुन्हा उगवली होती. उपचार न करताही धाकटा फार दिवसांचा सोबती नव्हता. हे बाई कुणापासून लपवत नसत. भावाला यंत्राने मारले असा आरोप त्यांनी कधीच केला नाही. असत्य विधान करणे त्यांना अशक्य होते असे नाही, ते आपण पुढे पाहूच. पण त्या ते वाया जाऊ देत नसत.

दुसऱ्या फेरीनंतर धाकटा घरी आला तेव्हा तासलेल्या डोक्यावर चौकटीच्या खिळ्यांचे ठसे होते आणि तोंडाची टकळी चालू होती.

“हेल्मेट घालून कुठंही न जाण्याचा प्रवास,” तो खुर्चीत टेकत म्हणाला. “मध्ये मध्ये भोंग्यातून विचारतात, सोसतंय ना? मी म्हणतो, सोसतोय. त्यांना ऐकू येतं, सोसतंय.”

“मग नीट सांगायचंस!” बाई म्हणाल्या.

“तुझ्यासारखा वेलांटीला लोंबकळत बसलो तर त्यांचं मशीन गंजेल.” लहानपणापासून तो ताईला चिडवायला ‘वेलांटी’ म्हणे.

“दुखतं का पण?” भावजयीने विचारले. ती त्याच्या सदऱ्याची बटणे काढत होती. त्याचा डावा हात महिनाभरापासून ऐकेनासा झाला होता; कप धरायला गेला की कप आपला मार्ग आपण निवडी.

“दुखतं असं नाही गं. कवटीच्या आतून कुणीतरी इस्त्री फिरवतंय असं वाटतं. दोनदा मनात आलं, दाबावं बटण. अंगठा ठेवलासुद्धा होता.”

भावजयीचे हात थांबले. “अहो, दाबायचं नाही हं. दाबलं की काढून टाकतात. मग आपल्याकडे काय उरतं?”

“नाही दाबणार.”

“पुढची शेवटची पायरी. तेवढी सोसा. माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठी काय काय सोसलंय ते विचार ताईला,” तो म्हणाला, “तुझं गाणंसुद्धा,” आणि तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. बाईंना तो धपाटा स्पष्ट आठवतो, कारण त्या घरात तिघे मिळून हसल्याचा तो अखेरचा आवाज.

तिसऱ्या फेरीतून त्याला बाहेर आणले तेव्हा तो ओकत होता. मग मेंदूला सूज आली, मग झोप, मग झोपेसारखे काहीतरी, ज्याला डॉक्टरांकडे निराळे नाव होते. त्यातून तो बोलण्यासाठी परत आला नाही. त्या बोगद्यात त्याला काय झाले हे त्याच्याकडून कुणालाच कळले नाही.

अहवाल भावजयीच्या हाती लागला तो पोस्टाने. सोबत ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल’ म्हणून आभाराचे पत्र होते. दुसऱ्या दिवशी बाई तिच्याकडे गेल्या तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती आणि नळ उगाच वाहत होता.

“वाचलंत?” तिने वळून न पाहता विचारले. “नाही दाबलं त्यांनी. शेवटपर्यंत नाही.”

बाईंनी नळ बंद केला.

“दोनदा वाटलं होतं म्हणाले ना मागच्या वेळी? तेव्हा सोसलं. मग मी बजावलं, दाबायचं नाही. यांनी कधी माझा शब्द मोडलाय? भाजी आणायला विसरतील, वाढदिवस विसरतील, पण शब्द नाही.” तिने ओट्यावर पालथी मूठ हलकेच आपटली. “आत जळत होते आणि माझ्यासाठी गप्प पडून राहिले. मीच म्हटलं ना सोसा. छापलंयसुद्धा त्यांनी.”

“तुझं नाव कुठं छापलंय?”

“नाव कशाला लागतंय, वन्सं?”

एरवी ती बाईंना ताई म्हणे. वन्सं हा शब्द ती भांडणासाठी राखून ठेवी. फक्त आज भांडण कुणाशी आहे हे तिलाच उमगत नव्हते. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते: सांत्वनाला शब्द पुरे पडत असते तर कोश एवढे जाड झाले नसते. पण घरी परतताना बाईंच्या ध्यानात आले, की त्या दोन वाक्यांनी दोन कामे एका दमात केली आहेत. प्रयोगाला यश दिले आहे आणि अपयश एका विधवेच्या ओट्यावर नेऊन ठेवले आहे.

बाई प्रयोगाच्या प्रमुखांना भेटायला गेल्या.

प्रमुख म्हणजे भला माणूस, असे सगळेच म्हणत, आणि त्यात फारसे खोटे नव्हते. उंच, पांढऱ्या केसांचे, आवाज मऊ. रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय. टेबलावर प्लास्टिकचा मेंदू होता, त्याचे कप्पे सुटे होत. कागद उडू नयेत म्हणून त्यातला अर्धा मेंदू त्यांनी पत्रांवर ठेवला होता.

“या, या बाई! तुमच्यासारखी विदुषी आमच्या दारी म्हणजे अहोभाग्य. चहा घेणार ना? साखर?”

“बिनसाखरेचा. तुमच्या अहवालातलं एक वाक्य तुम्ही मागं घ्यायला हवं.”

प्रमुख हसले. “एकच? आमचे परीक्षक दहा मागतात.”

“बटण दाबलं नाही, यावरून रुग्णाला उपचार सोसला असं ठरत नाही. माझ्या भावानं आदल्या फेरीला घरी येऊन सांगितलं होतं, की त्याला दाबावंसं वाटलं.”

“वाटणं निराळं आणि दाबणं निराळं.” त्यांनी मेंदूचा एक कप्पा उचलून पुन्हा जागेवर बसवला. “हे पहा, मी तुमचं दुःख समजू शकतो. पण आम्हाला मोजता येतं तेवढंच धरावं लागतं. मनात काय आलं ते कसं मोजणार? तुमचे बंधू फार धीराचे. शेवटची पायरी त्यांनी पुरी केली. त्यांच्यामुळे पुढच्या गटाला आम्ही थेट त्या जोराने सुरुवात करतोय. म्हणजे त्यांचं सोसणं वाया गेलं नाही.”

“पुढच्या गटाला थेट तिसऱ्या पायरीनं?”

“याच महिन्यात. आता सोसवत नसतं तर त्यांनी दाबलं असतं ना, बाई? आम्ही ते बटण मुद्दाम इतकं हलकं केलंय. कवटी चिरणं कुठं आणि हे कुठं! बटण दाबणं म्हणजे अगदी डाव्या हातचा मळ.”

बाईंचा कप बशीवर टेकता टेकता थांबला.

‘डाव्या हातचा मळ: विनासायास होणारे काम.’ ही नोंद त्यांनीच लिहिलेली होती, तारुण्यात. उदाहरणासाठी काय घ्यावे यावरून सहकाऱ्याशी अबोला धरला होता. त्यानंतर हा वाक्प्रचार त्यांनी हजार वेळा ऐकला असेल, पण त्यातला हात त्यांना कधी दिसला नव्हता. वाक्प्रचारातले अवयव कुणाचे नसतात. आज मात्र तो हात एका माणसाचा निघाला. त्याच्या बोटांतून कप निसटत होता आणि त्याच्या सदऱ्याची बटणे त्याची बायको लावत होती.

“काय झालं? चहा गार झाला का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “चहा छान आहे.” आणि त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

तिथून त्या थेट भावजयीकडे गेल्या. चपलाही न काढता त्यांनी दारातच विचारले, “तिसऱ्या फेरीला सुई कुठल्या हाताला लावली होती?”

“असं काय विचारताय? आत तर या.”

“आधी सांग.”

भावजय डोळे मिटून आठवू लागली. “आधीच्या दोन्ही वेळा डाव्याला. त्या दिवशी डाव्याची शीरच मिळेना. हात सुजला होता, टोचून टोचून नुसता निळा केला. मग उजव्याला लावली. हे तेव्हाही चेष्टाच करत होते. म्हणाले, घ्या, उजवा हातसुद्धा सरकारजमा.” ती किंचित हसली, आणि ते हसू चेहऱ्यावर तसेच राहून गेले; मागची ती निघून गेली. “ताई, मग बटण?”

“उजव्या हाताला सुई असली की तो हात पट्टीला बांधून ठेवतात. हलवायचा नसतो.”

“म्हणजे डाव्यात.” ती पायपुसण्यावरच खाली बसली. “त्या हातानं त्यांना नाडीची गाठ सोडवता येत नव्हती हो. सकाळी मीच कपडे चढवले. म्हणजे त्यांना दाबायचं असतं तरी...”

“दाबायचं होतं का, हे आपल्याला माहीत नाही.”

“नाही.”

“कळेलच असंही नाही. आणि कळलं तर सुख होईल असं काही त्यात नाही. एक तर त्यानं तुझा शब्द पाळला, नाहीतर धडपडला आणि हात चालला नाही. दोन्हींत गोड काहीच नाही.”

भावजय पायपुसण्याचे धागे उपटू लागली. “मला कळायला हवं, वन्सं,” ती म्हणाली. “मी रोज रात्री त्यांना गप्प पडलेलं बघते. माझ्यासाठी गप्प. निदान खरं काय ते तरी बघू दे.”

बाईंनी रुग्णहित समितीकडे तक्रार केली. मागणी एवढीच, की वाक्य मागे घ्यावे आणि तिसरी पायरी रुग्णाला सोसते असे समजून पुढचा गट सुरू करू नये. बोगद्यात रुग्णावर रोखलेला एक कॅमेरा असतो. त्याचे चित्रण त्यांनी मागितले. ‘नियमित साफसफाईत पुसले गेले’ असे उत्तर आले. रुग्णालयात स्वच्छतेला फार महत्त्व होते.

समिती एका लांबट खोलीत भरली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, झोपाळू पण सज्जन. दोन्ही बाजूंना एकेक सदस्य, बहुधा तोल सांभाळण्यापुरते. कोपऱ्यात इतिवृत्त टंकणारा कारकून. प्रमुख खिडकीच्या बाजूला, समोर बाई, आणि बाईंचा हात घट्ट धरून भावजय.

“बटण डाव्या हातात का दिलं?” न्यायाधीशांनी विचारले.

“नियमच तसा आहे,” प्रमुख मऊ आवाजात म्हणाले. “बटण रुग्णाच्या मोकळ्या हातात द्यावं. उजव्या हाताला सुई होती, तेव्हा मोकळा हात डावा.”

“बरोबर आहे,” न्यायाधीश म्हणाले, आणि सदस्यांनी माना हलवल्या. बाईंनीही हलवली. नियमात ‘मोकळा’ लिहिले होते, ‘चालता’ लिहिले नव्हते. प्रेताचे दोन्ही हात मोकळे असतात.

“त्या हातात जोर नव्हता,” बाई म्हणाल्या.

“थोडा अशक्तपणा होता, मान्य. पण माणसाला तोंड असतं. ओरडता येतं.”

“त्या धडधडाटात ऐकू येतं?”

“यंत्र थांबलं की आम्ही विचारतो.”

“त्या फेरीत विचारलंत? काय म्हणाला तो?”

“विचारलं. काही बोलले नाहीत. थकले असावेत.” प्रमुखांनी हात पसरले. “बाई, तुमच्या बंधूंना थांबायचं होतं, याला पुरावा काय? नाही ना? मग ज्याला पुरावा नाही त्यावर आम्ही काय लिहावं?”

तर्कशास्त्रात याला पेच म्हणतात, आणि तो बिनतोड होता. साक्षीदार मेलेला, चित्रण पुसलेले, नियम पाळलेला. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिले. भावजयीची पकड ढिली पडू लागली.

जुन्या वादपद्धतीतली एक गोष्ट बाई पोरवयात शिकल्या होत्या. प्रतिपक्षाला हरवायचे तर त्याच्या दुबळ्या जागी नव्हे, त्याच्या अभिमानाच्या जागी बोट ठेवावे. तिथे माणूस विचार करून बोलत नाही. खोटा शब्द त्यांनी कधी कोशात येऊ दिला नव्हता. बोलण्यात येऊ द्यायला त्यांची आज हरकत नव्हती.

“मी माझी तक्रार बदलते,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “प्रमुखांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझी समजूत अशी, की त्या वेळी ते जागेवर नव्हतेच. बाहेर फोनवर होते, म्हणून रुग्णाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. यात दुष्टपणा नाही. साधा हलगर्जीपणा आहे. मोठ्या माणसांच्या हातून होतो.”

“ताई, हे काय भलतंच?” भावजय कुजबुजली. “कुणी सांगितलं फोनवर होते म्हणून?”

“गप्प बस.”

न्यायाधीशांना मात्र हुरूप आला. हलगर्जीपणाला कलम होते, कलमाला समज देण्याची सोय होती, समज दिली की जेवायला घरी जाता येत होते. “हे असं असेल तर प्रश्नच मिटला,” ते म्हणाले. “क्षणभर लक्ष चुकलं, एवढंच नमूद करू. प्रमुख, आपली हरकत नसावी.”

दार सताड उघडे होते. शहाणा माणूस मान खाली घालून त्यातून निघून गेला असता. पण प्रमुखांच्या गोऱ्या चेहऱ्यावर कानापासून गळ्यापर्यंत रंग चढला. ‘वाक्य मागे घ्या’ म्हटल्यावर ते हसले होते. ‘पुरावा नाही’ हे त्यांनी शांतपणे सांगितले होते. हलगर्जी म्हटल्यावर मात्र त्यांचा मऊ आवाज फाटला.

“हलगर्जी? मी? पंचवीस वर्षांत माझ्या टेबलावर फोन वाजलेला नाही! विचारा माझ्या माणसांना. प्रयोग चालू असताना मी डोळ्याची पापणी लवू देत नाही. आणि ही बाई म्हणते मी बाहेर होतो?”

“मग आत असता तर काहीतरी दिसलं असतं,” बाई हळूच म्हणाल्या. “तुम्हाला काहीच दिसलं नाही, यावरूनच कळतं.”

“दिसलं नाही कोण म्हणतं?” प्रमुख खुर्चीवरून उठले आणि त्यांनी काय दिसले ते सांगितले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असे. ते बोलत असताना एक सदस्य खाली पाहू लागला, दुसरा प्रमुखांच्या बाहीला हात लावून ओढू लागला, तो हात त्यांनी झटकला. न्यायाधीश पहिल्यांदाच पुरते जागे झाले होते. कारकुनाची बोटे अक्षरांवर थांबून राहिली.

“हे जसंच्या तसं इतिवृत्तात यावं,” बाई म्हणाल्या. “नाहीतर हलगर्जीपणाचा ठपका राहील.”

“यायलाच हवं!” प्रमुख म्हणाले. “शब्दशः लिहा. थांबा, मीच सांगतो, सावकाश.” आणि ते कारकुनाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. सवयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून, स्वल्पविरामांसकट, त्यांनी ते पुन्हा सांगितले.

भावजयीने बाईंचा हात सोडून दिला होता. तिचा चेहरा ओला झाला होता आणि त्यावर काहीतरी असे पसरले होते, की बाईंना तिकडे पाहवेना. “माझं ऐकलं नाही त्यांनी,” ती म्हणाली. पोटच्या पोराची सुटका झाल्याची खबर सांगावी तसे म्हणाली. “ताई, नाही ऐकलं हो माझं.”

बाईंनी कारकुनाकडून प्रत मागून घेतली आणि उभ्यानेच वाचली. एकही शब्द वगळलेला नव्हता, एकही दुरुस्त करण्यासारखा नव्हता.

“प्रयोग चालू असताना रुग्णावरून माझी नजर एक क्षणही हटली नाही. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा बटणावर पुन्हा पुन्हा येत होता, आणि घसरत होता, हे मी पडद्यावर स्वतः पाहिलं. त्या हातात बटण दाबण्याइतका जोर उरलेला नाही, हे मला सकाळच्या तपासणीपासून माहीत होतं. त्यांना काय हवं आहे ते मला समजलं नाही, असं नाही. पण बटण दाबलं गेलेलं नव्हतं, पायरी संपायला थोडाच अवकाश होता, आणि त्या दिवसापर्यंत तिथवर पोचलेला दुसरा रुग्ण माझ्याकडे नव्हता.”